भय खरे उजाडल्यावरचे

'भयपट' हा शब्द उच्चारला की आपल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटते. भयकथेला आणि भयपटाला आपण ओसरीवर बसवतो, पाणी विचारतो, पण माजघरात येऊ देत नाही. नारायण धारपांच्या किंवा रत्नाकर मतकरींच्या कथा रात्र जागून वाचायच्या आणि सकाळी वर्गात आवडत्या लेखकांचा विषय निघाला की भलतीच नावे सांगायची, हा आपला शिरस्ता. चित्रपटाच्या बाबतीत तर बोलायलाच नको. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' पाहिला आणि आवडला असे कबूल करणे हे 'पथेर पांचाली' पाहिला नाही असे कबूल करण्यापेक्षाही कमीपणाचे!

या नावडीला काहीच आधार नाही असे नव्हे. बहुतेक भयपट वाईट असतात. परंतु बहुतेक कविताही वाईट असतात. म्हणून कोणी कवितेला वाळीत टाकलेले नाही. एखादी कृती पन्नासाहून अधिक वर्षे लोकांच्या मनात, बोलण्यात, खेळांत आणि थट्टामस्करीत टिकून राहते, तेव्हा ती केवळ अंगावर काटा आणते म्हणून टिकते काय, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे. आणि त्यासाठी मी १९६८ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाची साक्ष काढणार आहे. या चित्रपटाचा प्रभाव मोठा आहे हे कोणीही मान्य करील. मला म्हणायचे आहे ते थोडे निराळे आहे. या चित्रपटाने जगापुढे दोन गोष्टी ठेवल्या. त्यांतली एक जगाने दोन्ही हातांनी उचलली आणि दुसरी बहुतेकांनी जागच्या जागी टाकून दिली. टाकून दिलेली गोष्ट अधिक मोलाची होती.

*

प्रथम चित्रपटाच्या जन्माविषयी थोडेसे. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. १९४० साली न्यू यॉर्क शहरात जन्मलेला हा तरुण शिक्षणासाठी पिट्सबर्गला आला आणि तिथेच रमला. पिट्सबर्ग हे पोलादाचे गाव. आपल्याकडे जमशेटपूरचा चित्रपटसृष्टीशी जेवढा संबंध, तेवढाच त्याचा हॉलिवूडशी. रोमेरो आणि त्याचे मित्र तिथे जाहिरातपट आणि कारखान्यांसाठी माहितीपट काढून पोट भरत. लहान मुलांच्या लाडक्या 'मिस्टर रॉजर्स'च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठीही रोमेरोने काही छोट्या फिती चित्रित केल्या होत्या. असल्या कामाचा कंटाळा आल्यावर दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर काढले आणि पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचे ठरवले. शेवटी सगळा खर्च सुमारे १,१४,००० डॉलरवर गेला. हॉलिवूडच्या हिशेबाने ही रक्कम म्हणजे चिल्लरच.

१९६७ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या एव्हान्स सिटी या लहानशा गावाजवळ चित्रीकरण झाले. पाडायला काढलेले एक शेतघर मिळाले, त्यामुळे खिडक्यांवर खिळे ठोकायला कोणाची परवानगी काढावी लागली नाही. रक्तासाठी चॉकलेटचा पाक वापरला. चित्रपट कृष्णधवल असल्याने तो खपून गेला. पैसे गुंतवणाऱ्यांपैकी एक जण खाटीक होता. आतडी-काळजांचा पुरवठा त्याने केला. निर्मात्यांपैकीच कार्ल हार्डमन याने एक महत्त्वाची भूमिका केली, आणि चित्रपटातल्या त्याच्या मुलीचे काम त्याच्या खऱ्या मुलीनेच केले. प्रेते झाली ती ओळखीपाळखीची आणि गावची माणसे. एकांकिका स्पर्धेसाठी कोणाच्या घरून कंदील, कोणाच्या आजोबांचा कोट आणि कोणाच्या वहिनीचे लुगडे गोळा करणाऱ्या आपल्या नाट्यमंडळाला ही जातकुळी ओळखीची वाटावी.

१ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गमध्ये पहिला खेळ झाला. अनेक समीक्षकांनी नाके मुरडली. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी १९६९ च्या आरंभी एका दुपारच्या खेळाचे वर्णन लिहिले, ते प्रसिद्ध आहे. नेहमीची भुताटकीची गंमत पाहायला आलेली लहान मुले आधी किंचाळत होती, मग गप्प झाली आणि अखेरीस रडू लागली, असे त्यांनी नोंदवले आहे. चित्रपट कोणी पाहावा आणि कोणी पाहू नये हे सांगणारी श्रेणीपद्धती अमेरिकेत १ नोव्हेंबर १९६८ पासून लागू झाली. हा चित्रपट तिच्या महिनाभर आधी बाहेर पडला होता. पुढे याच चित्रपटाला १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत स्थान मिळाले आणि २०१६ साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याची डागडुजी केलेली प्रत लोकांपुढे आणली. ओसरीवरचा पाहुणा माजघरात पोचला म्हणायचा. पण त्याला तीस वर्षे लागली.

*

आता या चित्रपटाने नवीन केले ते काय? मेलेली माणसे उठतात ही कल्पना काही रोमेरोची नव्हे. 'झोंबी' हा शब्द कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशातला, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या श्रद्धेतून आलेला. हैतीतला झोंबी कोणाला खात नाही. तो राबतो. मांत्रिकाने उठवलेले ते बिनइच्छेचे प्रेत धन्याच्या शेतात मुकाट्याने कष्ट करते. ज्या लोकांच्या कित्येक पिढ्या उसाच्या मळ्यांत गुलामीत मेल्या, त्यांच्या भयाचे हे रूप पाहण्यासारखे आहे. मरणाने तरी सुटका होईल ही आशा, आणि मरणानंतरही कोणी राबवून घेईल ही भीती! अमेरिकेने १९१५ ते १९३४ या काळात हैती ताब्यात ठेवली. तिथल्या कहाण्या अमेरिकेत पोचल्या आणि १९३२ साली 'व्हाइट झोंबी' नावाचा बोलपटही निघाला.

रोमेरोच्या चित्रपटात मात्र 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही. पात्रे त्या प्राण्यांना 'घूल' म्हणतात. प्रेते खाणाऱ्या अरबी पिशाच्चाचे हे नाव. रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५४ सालच्या 'आय ॲम लेजंड' या कादंबरीचे ऋण रोमेरो मान्य करीत असे. तिथे एका घरात कोंडून घेतलेला एकटा माणूस आणि बाहेर रक्तपिपासू बनलेले शेजारी असा मामला आहे. रोमेरोने यातून एक नवाच प्राणी घडवला. त्याला मांत्रिक नाही, धनी नाही. तो संथ चालतो, जिवंत माणसाला खातो. त्याने घेतलेल्या चाव्यातून आणखी एक तसाच निपजतो. मेंदूवर घाव घातला तरच तो थांबतो. आज जगाच्या पाठीवर झोंबी म्हणून जे काही दाखवले जाते, त्याची घटना या एका चित्रपटात लिहिली गेली.

आपल्या मातीतल्या भुतांशी याची तुलना करून पाहिली म्हणजे याचे वेगळेपण चटकन ध्यानात येते. आपल्या भुताला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यात, समंध पुरलेल्या धनावर. आपल्या भुताला कारण असते: मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ. कोणाची वासना राहिली, कोणावर अन्याय झाला, कोणाचे दिवस घालायचे राहून गेले. म्हणूनच त्याला उताराही असतो. नारळ ठेवा, शांत करा, चुकले ते फेडा. वेताळ तर प्रेतात शिरून विक्रमाच्या खांद्यावर बसतो आणि त्याला न्यायाचे प्रश्न घालतो. आपले प्रेतसुद्धा बोलके!

रोमेरोचे प्रेत बोलत नाही. त्याला नाव नाही, तक्रार नाही, मागणी नाही. कारण म्हणून शुक्रावरून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्साराची एक पुडी चित्रपटात सोडली आहे, पण तिच्यावर खुद्द चित्रपटाचाच फारसा विश्वास दिसत नाही. ज्याची समजूत घालता येत नाही, ज्याला काही देता येत नाही आणि जो कालपर्यंत आपला भाऊ किंवा आपली मुलगी होता, असा हा शत्रू. हे भय विसाव्या शतकाचे आहे. गर्दीचे, साथीचे, अणुयुद्धाचे आणि शेजाऱ्याचे भय आहे.

*

ही झाली पहिली गोष्ट, जगाने उचललेली. दुसरीकडे वळण्यापूर्वी ही पहिली इतकी पसरली कशी हे सांगणे अवश्य आहे. कारण त्यामागे कायद्याची एक विलक्षण कथा आहे.

चित्रपटाचे आधीचे नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' असे होते. वितरकाने ते बदलले. नाव बदलताना नव्या शीर्षकाच्या फितीवर स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार ही सूचना नसेल तर प्रकाशित कृतीवरचा हक्कच संपुष्टात येई. एका ओळीची गफलत, आणि चित्रपट जन्मतःच सर्वांच्या मालकीचा झाला! कोणत्याही वाहिनीने तो फुकट दाखवावा, कोणीही त्याच्या ध्वनिचित्रफिती काढून विकाव्यात, कोणीही आपल्या चित्रपटात घरातल्या टीव्हीवर त्याचे दृश्य चालू ठेवावे. लाखो डॉलरचा धंदा झाला, पण ज्या दहा जणांनी सहाशे-सहाशे डॉलर काढले त्यांच्या हातांत त्याचा न्याय्य वाटा आला नाही.

यावर दोन प्रकारे बोलता येईल. कलावंतावर अन्याय झाला हे खरे आहे आणि त्याची भलावण करता येणार नाही. पण या अन्यायातून जे उपजले त्याकडेही पाहिले पाहिजे. कल्पनेवर तसाही कोणाचा हक्क चालत नाही. चालणारी प्रेते दुसऱ्या कोणालाही दाखवता आलीच असती. फरक पडला तो प्रत्यक्ष चित्रपट पाहायला मिळण्यात. तो मध्यरात्रीच्या खेळांत, उशिराच्या दूरचित्रवाणीवर, स्वस्त ध्वनिफितींच्या दुकानात, सर्वत्र सापडू लागला. ज्यांच्या खिशात पैसे नव्हते अशा पोरांनी तो पुनःपुन्हा पाहिला, आणि त्यांच्यातलीच काही पुढे दिग्दर्शक झाली. आपल्या वेताळपंचविशीचा मालक कोण? कोणीच नाही, म्हणूनच ती संस्कृतातून मराठीत, ग्रंथातून आजीच्या तोंडी आणि तिथून मुलांच्या मासिकांत फिरत राहिली. छापील, मालकीहक्काच्या युगात जन्मलेली एक गोष्ट एका गफलतीमुळे पुन्हा लोककथेसारखी वाढली, असे मी म्हणेन.

ती वाढली तरी किती! रोमेरोने स्वतः १९७८ साली 'डॉन ऑफ द डेड' काढला. त्यात प्रेते एका भल्या मोठ्या बाजार-संकुलात गोळा होतात, कारण जिवंतपणी त्यांना तिथे जायची सवय होती. १९८३ च्या डिसेंबरात मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मध्ये थडग्यांतून उठलेली मंडळी तालावर नाचली, आणि १९८५ साली तेलुगू 'दोंगा' चित्रपटात चिरंजीवीनेही त्यांना नाचवले. त्याच १९८५ साली 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'ने प्रेतांना खास मेंदू खाण्याची आवड लावली. पुष्कळांना ती मुळातली वाटते, पण तशी ती नाही. १९९६ साली जपानमधून 'रेसिडेंट ईव्हिल' हा संगणकीय खेळ आला. २००२ साली ब्रिटनमधल्या 'ट्वेंटी एट डेज लेटर'ने रोगबाधित माणसांना पळायला लावले. २००४ साली 'शॉन ऑफ द डेड'ने याच सगळ्याची प्रेमळ टवाळी केली. २००३ साली चित्रकथा म्हणून सुरू झालेली 'द वॉकिंग डेड' २०१० ते २०२२ अशी बारा वर्षे दूरचित्रवाणीवर चालली. २०१६ साली कोरियातून 'ट्रेन टू बुसान' आला. आणि कहर म्हणजे २०११ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लोकांनी वादळ-भूकंपाची पूर्वतयारी करावी म्हणून चक्क 'झोंबी आले तर काय कराल?' अशा थाटाची मोहीम काढली! सरकारी खात्याला विनोदबुद्धी आली, हाही या चित्रपटाचा एक प्रभावच म्हणावा लागेल.

आपल्याकडे ही मंडळी उशिरा पोचली. आपण प्रेते जाळतो, मग उठणार कोण, ही अडचण होतीच! २०१३ सालच्या 'गो गोवा गॉन' या हिंदी चित्रपटातल्या तरुणांनाही गोव्याजवळच्या बेटावर हाच प्रश्न पडतो, की आपल्या देशात भुते असतात हे ठीक, हे झोंबी कुठून आले? आणि २०२२ साली आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' आला. डोंबिवलीच्या नावावरची ही कोटी आपल्यापैकी अनेकांनी मित्रमंडळींत केली असेल. पण या मराठी चित्रपटाने त्या कोटीआड एक खरी गोष्ट धरली: एका बाजूला नवे टोलेजंग गृहसंकुल, दुसऱ्या बाजूला पाण्यासाठी झगडणारी वस्ती. भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा रोमेरोचा मूळ प्रश्न इथे मराठीत विचारला गेला. चित्रपट विनोदी आहे, काही ठिकाणी पसरटही आहे. परंतु त्याने उसनवारी डोळसपणे केली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

*

आता दुसरी गोष्ट.

रोमेरोच्या चित्रपटात प्रेते हा खरोखर निम्माच विषय आहे. उरलेला निम्मा घराच्या आत घडतो. स्मशानात भाऊ गमावून आलेली, भीतीने सुन्न झालेली बार्बरा; धीराने फळ्या ठोकणारा बेन; तळघरात दडून बसलेले कूपर नवराबायको आणि त्यांची चावा बसलेली मुलगी; टॉम आणि ज्यूडी हे तरुण जोडपे. बाहेरचा शत्रू संथ आहे, मुका आहे, त्याला साधे दार उघडायचे तर दगड लागतो. सातांनी एकविचाराने वागायचे ठरवले असते तर कदाचित निभाव लागला असता. पण त्यांचे भांडण एकच: वर राहायचे की तळघरात जायचे? बेन म्हणतो वर, कूपर म्हणतो खाली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांनाही माघार घ्यायची नाही. टीव्हीवर तज्ज्ञ आणि लष्करी अधिकारी बोलत असतात, त्यांचेही आपसांत जुळत नाही. एकेक करून सगळे संपतात. मुलगी आईला मारते. मेलेला भाऊ बहिणीला ओढून नेतो. आणि उपरोध असा की एकटा उरलेला बेन जीव वाचवण्यासाठी शेवटी त्या तळघरातच उतरतो. मग बरोबर कोणाचे होते? चित्रपट उत्तर देत नाही. एकमेकांचे ऐकून न घेणाऱ्यांपैकी कोणीतरी बरोबर असून काय उपयोग, एवढेच तो दाखवतो.

मग उजाडते. जगातल्या यच्चयावत भुताच्या गोष्टींत उजाडले की संकट सरते. कोंबडा आरवला की समंध पळतो. इथे उजाडल्यावर बंदूकधारी गावकऱ्यांची टोळी कुत्री घेऊन प्रेतांची शिकार करीत येते. गप्पा चालल्या आहेत, कॉफी प्यायली जाते आहे. माणसांची चाहूल लागून बेन तळघरातून वर येतो, खिडकीशी उभा राहतो. टोळीतला एक जण नेम धरतो आणि त्याच्या कपाळात गोळी घालतो. त्यांना तो आणखी एक प्रेत वाटला. पुढे चित्रपट थांबतो आणि वर्तमानपत्रात छापावीत तशी दाणेदार स्थिरचित्रे येतात: हातांत लोखंडी आकडे घेतलेली माणसे, ओढत नेलेला देह, लाकडांचा ढीग, आग.

बेनचे काम करणारा नट ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णी होता. पटकथेत बेनच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. 'चाचणीत तोच सर्वांत चांगला ठरला म्हणून घेतला', असे रोमेरो कायम सांगत आला. जोन्स स्वतः सुशिक्षित, रंगभूमीवरचा माणूस. मूळ संहितेतला बेन हा रांगडा ट्रकचालक होता; त्याची भाषा जोन्सने बदलून आपल्यासारखी केली. चित्रपट तयार झाला आणि त्याची प्रत मोटारीत घालून न्यू यॉर्कला नेत असताना, ४ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याची बातमी रेडिओवर ऐकली, असे रोमेरोने सांगितले आहे. अशा वर्षी, अशा देशात, गोऱ्या माणसांच्या बंदूकधारी जमावाने एका काळ्या माणसाला न विचारता, न पारखता मारले आणि आगीत टाकले, हे दृश्य पडद्यावर आले. अमेरिकेत जमावाने काळ्या माणसांना ठार करण्याचा दीर्घ इतिहास आहे, आणि त्या हत्यांची छायाचित्रे काढून ती पोस्टकार्ड म्हणून विकल्याचाही. ती दाणेदार स्थिरचित्रे पाहणाऱ्याला हे आठवल्यावाचून कसे राहील?

येथे आपल्या वाङ्मयाच्या वर्गातला जुना वाद उपस्थित होतो. दिग्दर्शकाच्या मनात नव्हते, तर तो अर्थ चित्रपटाचा कसा? माझ्या मते याचे उत्तर अवघड नाही. दिग्दर्शकाने नट निवडला तो गुणांवर. पण तो नट उभा राहिला त्या देशाच्या मातीवर. अर्थ हा केवळ कर्त्याच्या मनातून येत नाही. कृती ज्या काळात पाऊल टाकते तो काळही त्यात भर घालतो. आणि शेवट तर हेतुपुरस्सरच होता: वाचलेल्याला वाचवणाऱ्यांनीच मारायचे, हे संहितेत पहिल्यापासून ठरलेले होते. जमाव आधी ठरवतो आणि मग पाहतो, हा विचार तिथे होताच. जोन्सच्या चेहऱ्याने त्या विचाराला पत्ता दिला.

जगाने टाकून दिलेली गोष्ट ती हीच. झोंबीचे नियम सर्वांनी पाठ केले: संथ चाल, चावा, मेंदूवर घाव. त्या नियमांवर खेळ रचले, मालिका रचल्या. पण बहुसंख्य अनुकरणांत आपण कोणाच्या बाजूला उभे असतो? बंदूक धरणाऱ्याच्या. संगणकाच्या खेळात तर बंदूक आपल्याच हातात असते, आणि समोरून येणारा प्रत्येक जण मारण्याजोगाच असतो. विचारायची गरज नाही, गुण मिळतात. मूळ चित्रपटाच्या शेवटी जी टोळी पाहून अंगावर शहारा येतो, त्या टोळीतच या अनुकरणांनी प्रेक्षकाला भरती करून टाकले. याहून मोठा विपर्यास कोणता असेल?

अपवाद आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. खुद्द रोमेरोची सहानुभूती दर चित्रपटागणिक प्रेतांकडे सरकत गेली; १९८५ सालच्या 'डे ऑफ द डेड'मध्ये एक प्रेत संगीत ऐकून हरखते आणि त्याच्या भोवतालचे सैनिक अधिक रानटी वाटतात. २०१७ साली जॉर्डन पील या दिग्दर्शकाचा 'गेट आउट' आला. त्यात एकही झोंबी नाही. पण शेवटी रस्त्यावर पोलिसांच्या गाडीसारखा दिवा लुकलुकतो आणि जखमी काळा नायक हात वर करतो, तेव्हा प्रेक्षागृहाचा श्वास अडकतो. तो श्वास बेनच्या मरणापासून अडकलेला आहे. पीलने या जुन्या चित्रपटाचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. प्रेते न घेता त्याने शेवट घेतला, आणि म्हणून खरा वारस तो. वारसा कातड्याचा नसतो, काळजाचा असतो. त्याच २०१७ च्या जुलैत रोमेरो वारला.

*

कोणी म्हणेल, एवढे गांभीर्य कशासाठी? चार घटका करमणूक आहे, तिचा हिशेब कसला मागता? मागतो, कारण ही करमणूक आता भाषेत उतरली आहे. ज्या कंपनीचा जीव केवळ कर्जावर टिकला आहे तिला अर्थशास्त्रज्ञ 'झोंबी कंपनी' म्हणतात. दुसऱ्याच्या कह्यात गेलेल्या संगणकाला तंत्रज्ञ 'झोंबी' म्हणतात. इथवर ठीक. पण आपण माणसांनाही म्हणू लागलो आहोत. मोबाइलमध्ये डोके घातलेले झोंबी. परीक्षेसाठी घोकणारे झोंबी. लोकलला लटकून जाणारे झोंबी. आपल्याला न पटणाऱ्या पक्षाला मत देणारे झोंबी. परगावाहून पोटासाठी आलेल्यांचे लोंढे झोंब्यांचे. ज्याला हा शब्द चिकटला त्याला मन नाही, विचार नाही, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, असा निवाडा त्या एका शब्दात होऊन जातो. हैतीच्या मळ्यातल्या माणसाने ज्या शब्दात आपली वेदना ठेवली होती, तो शब्द आपण दुसऱ्याचे माणूसपण काढून घेण्यासाठी वापरतो आहोत.

ज्याने रोमेरोचा चित्रपट शेवटपर्यंत पाहिला त्याची जीभ इथे अडखळावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. खिडकीशी उभ्या असलेल्या बेनला टोळीने हाक मारली असती तर त्याने उत्तर दिले असते. प्रेते बोलत नाहीत, तो बोलला असता. दोघांत फरक करण्याची ती एकच साधी कसोटी होती, आणि एका हाकेपलीकडे तिला काहीही लागत नव्हते. कोणी हाक मारली नाही.

म्हणून भयपटाला माजघरात घ्या असे मी म्हणतो ते सगळ्याच भयपटांसाठी नव्हे. निदान हा एक घ्यावा. आपल्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने 'बायसिकल थीव्हज'च्या शेजारी तो एकदा दाखवावा. हक्काचे पैसे भरण्याचाही प्रश्न नाही! वाङ्मय, इतिहास आणि समाजशास्त्र या तिन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी त्यानंतर आम्हा विद्यार्थ्यांशी तासभर वाद घालावा. प्रेतांना पाहून कोणी हसले तर हसू द्यावे. आज ती थोडी भाबडीच वाटतात. मात्र दिवे लावण्याची घाई करू नये. शेवटची पाच मिनिटे, पडद्यावर उजाडल्यानंतरची, सर्वांनी बसून पाहावीत.